घड्याळ मागून बघायचं, चमचा पालथा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साताऱ्याचं सासरचं घर विकायला काढलंय. आवराआवरीत आजेसासऱ्यांचं टोल्यांचं घड्याळ हाती आलं आणि एका लाकडी पेटीत अकरा मोठे इंग्रजी चमचे निघाले. घड्याळाच्या तबकडीवर ‘ॲन्सोनिया, न्यूयॉर्क’ असं लिहिलंय. चमच्यांवर सिंह, मुकुटवालं एक तोंड, राजाचं मुंडकं आणि काही अक्षरं आहेत. सराफाने चमचे वजनकाट्यावर टाकले आणि म्हणाला, मोड घाला, नव्या वाट्या घेऊन जा. जुन्या सामानवाल्याने घड्याळाला अठरा हजार सांगितले. कॅनडातल्या मुलाला घड्याळ तिकडे हवंय. आणि या गडबडीत तुम्हालाच या वस्तूंची गोडी लागलीय, तेव्हा संग्रहाची सुरुवात कुठून करावी, हेही तुम्ही विचारलंय.

प्रश्न चार दिसतात, पण अडचण एकच आहे. समोरची वस्तू नेमकी काय आहे हे तुम्हाला अजून माहीत नाही, आणि ज्यांना थोडंफार माहीत आहे ते ती तुमच्याकडून घ्यायला बसलेत. अशा वेळी भाव विचारायचाच नसतो. आधी वस्तू वाचायची.

माझं आधी सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पुण्यात अडतीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतो. चांदीचा नाद मागाहून लागला आणि तो इंग्रजी चमच्यांपुरताच राहिला. चहाच्या किटल्या, तबकं, मेणबत्तीचे दिवे यांत मला फारशी गती नाही. शिवाय फोटोवरून वस्तू खरी की खोटी याची हमी कोणीच देऊ नये, मीही देत नाही. मात्र कुठे आणि कसं बघायचं ते सांगू शकतो.

चमच्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांचं कोडं तुम्ही पाठवलेल्या फोटोतच बरंचसं सुटतं. इंग्लंडात चांदीची वस्तू तपासणी कचेरीत नेऊन शिक्के मारून घ्यायची रीत फार जुनी. हॉलमार्क हा शब्दच लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलवरून पडला. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. तो शिक्का १५४४ पासून आहे. मुकुटवालं तोंड बिबळ्याचं, म्हणजे कचेरी लंडनची. बर्मिंगहॅमचा माल असता तर तिथे जहाजाचा नांगर असता, शेफील्डचा असता तर नुसता मुकुट. राजाचं मुंडकं ही कर भरल्याची पावती. तो कर १७८४ ते १८९० एवढाच काळ होता, म्हणून मुंडकं दिसलं की दोन्हीकडून कुंपण पडतं.

आता हे शिक्के एकमेकांशी ताडून बघा. तुमच्या फोटोतलं मुंडकं पुरुषाचं आहे आणि उजवीकडे बघतंय, म्हणजे १७८६ ते १८३७ च्या मधलं. व्हिक्टोरिया राणी डावीकडे बघते. लंडनच्या बिबळ्याचा मुकुट १८२१ मध्ये उतरला, तेव्हा तुमचे चमचे त्याच्या आधीचे. राहिलं सालाचं अक्षर. लंडनची कचेरी दर मे महिन्यात अक्षर बदलायची. ‘ए’पासून ‘यू’पर्यंत, मधलं ‘जे’ हे अक्षर गाळून, वीस वर्षांची एक माळ. माळ संपली की अक्षराचं वळण बदलून पुन्हा ए. १७९६ ला सुरू झालेली माळ मोठ्या लिपीतल्या अक्षरांची आहे. तुमच्या नऊ चमच्यांवर मोठा एम आहे. बोटांवर मोजा, ‘जे’ गाळायला विसरू नका, एम १८०७ वर येतो. नेमकं बोलायचं तर मे १८०७ ते मे १८०८. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर दुसरे शाहू महाराज होते आणि पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती. सराफाने वजनकाट्यावर टाकले ते हे.

उरलेल्या दोन चमच्यांवर क्यू आहे, म्हणजे १८११. कारागिराची अक्षरंही वेगळी आहेत. म्हणजे मूळ संचातले दोन हरवले किंवा मोडले आणि चार वर्षांनी कोणीतरी त्यांच्या जोडीचे दुसरे बनवून घेतले. भावाच्या दृष्टीने एकाच सालाचा, एकाच हातचा संच वरचढ धरतात. मला स्वतःला हे भरतीचे दोन जास्त आवडले. चमचे कोणाच्या तरी जेवणात रोज होते याचा तो पुरावा आहे.

आता चमचा पालथा घाला. चांदीच्या चमच्याचं खरं बोलणं पाठीवर असतं. साधारण १७८० च्या आधीचे शिक्के दांड्याच्या खालच्या अंगाला, वाटीलगतच्या अरुंद भागात मारलेले असतात. त्या जागी ठोकल्याने दांडा थोडा पसरतो आणि शिक्केही फाकतात. पुढे ते वर, दांड्याच्या रुंद टोकाकडे गेले. उद्या तुम्हाला कोणी १७४० सालचा चमचा दाखवला आणि शिक्के वरच्या टोकाला असले, तर नमस्कार करून निघा. तसंच कोरीव कामाचं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चमचे टेबलावर पालथेच मांडत, दांड्याचं टोक वर वळलेलं असे आणि घराण्याचं चिन्ह पाठीवर कोरत. १७६० च्या सुमारास टोक खाली वळायला लागलं, चमचे उताणे मांडायला लागले आणि चिन्ह पुढच्या बाजूला आलं. तुमच्या चमच्यांचं टोक खाली वळलंय आणि अक्षरं पुढे कोरली आहेत. सगळं आपापल्या जागी आहे. वस्तू खरी असली की असंच होतं, चार गोष्टी एकमेकींना साक्ष देतात.

मग वाटीचं टोक बघा. उजव्या हाताने दोनशे वर्षं ताटली खरवडली की वाटीची डावी कड झिजते. दांडा आपल्याकडे धरून वरून बघितलं तर टोक जरा तिरकं दिसतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत ते स्पष्ट आहे. झीज फार असली की किंमत पडते, पण अजिबात झीज नसली की मला शंका येते. कोणी तरी कड कापून गोल करून आणली असेल. त्याची परीक्षा म्हणजे वाटी शेजारच्या चमच्यापेक्षा आखूड झाली आहे का ते बघायचं. चिन्ह घासून काढलं असेल तर तेही कळतं. दांड्यावर तोंडाची वाफ सोडा आणि लगेच तिरक्या उजेडात धरा. डाग, डाख, ठिगळ, पुसलेलं नाव, सगळं दोन सेकंद डोकावून जातं. अंगठा आणि तर्जनीत दांडा धरून सावकाश सरकवा, घासलेल्या जागी पातळ लागतो. आरशाइतकी चकचकीत पण पातळ जागा दिसली तर समजा तिथे कधीकाळी कोणाचं तरी नाव होतं.

काट्यांच्या बाबतीत जास्त जपा. म्हणजे जेवणाच्या काट्यांच्या, घड्याळाच्या नव्हे. त्या काळचे काटे चमच्यांच्या मानाने कमी उरलेत आणि महाग जातात. म्हणून जुन्या चमच्याची वाटी ठोकून, कापून काटा केलेले नमुने हिंडत असतात. शिक्के अस्सल, वस्तू मात्र बनावट. तसाच प्रकार फळांच्या नक्षीच्या चमच्यांचा. साधा, इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातला चमचा घेऊन शंभर वर्षांनी त्याच्या वाटीत द्राक्षं-सफरचंदं ठोकली, वर सोन्याचा मुलामा दिला. दिसायला झकास असतात आणि अनेक जण हौसेने घेतात. घ्या, पण साध्या चमच्याचा जन्म आणि नक्षीचा जन्म वेगळा आहे हे माहीत असून घ्या.

मुलामा आणि खरी चांदी यातली गल्लत आपल्याकडे रोज होते. १८४० मध्ये एल्किंग्टनने विजेने मुलामा द्यायचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर अशा मालाचा पूर आला. त्यावर ‘ई पी एन एस’ (विजेने मुलामा दिलेलं निकेल सिल्व्हर) अशी अक्षरं चार वेगवेगळ्या चौकटींत मारलेली असतात, लांबून अगदी हॉलमार्क वाटावीत अशी. आत निकेल-तांबं-जस्ताचा मिश्रधातू, ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात आणि ज्यात चांदीचा कणही नसतो. आपल्या आज्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मलचं पातेलं म्हणायच्या, ते निराळं. त्याहून जुनं ते शेफील्ड प्लेट. १७४३ च्या सुमारास टॉमस बोल्सोव्हरने काढलेली युक्ती. तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा तापवून चिकटवायचा आणि मग दोन्ही मिळून लाटायचे. वर्षानुवर्षं पुसून कडांना तांबं लालसर डोकावतं. त्याचे शौकीन वेगळे आहेत, आणि तांबं दिसतंय म्हणून त्याला नवा मुलामा देणं म्हणजे जुन्या दारावर ऑइलपेंट फासणं.

सराफाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. तो धातू घेतो, त्यामुळे त्याला धातूच दिसतो. तोळ्यावर भाव, त्यातून घट वजा, झालं. चमच्यांची किंमत त्याच्या आकड्याच्या खाली कधीच जाणार नाही, एवढा त्या आकड्याचा उपयोग. वर किती जाईल ते झीज, संच, कारागीर आणि घेणारा कोण यावर आहे. तो आकडा मी सांगत नाही, कारण आपल्याकडे अशा चमच्यांना गिऱ्हाईक मोजकं आहे आणि एकाच आठवड्यात दोन भाव निघू शकतात. एवढं मात्र करा. पुन्हा कोणाला दाखवलेत तर कानस लावू देऊ नका आणि कसोटीच्या दगडावरही घासू देऊ नका. हल्ली बऱ्याच पेढ्यांवर कॅरेटमीटर असतो, ओरखडा न काढता शुद्धता सांगतो.

आणि घासू नका. चमचे काळे पडलेत असं तुम्ही लिहिलंय, टूथपेस्ट चालेल का असंही विचारलंय. चालणार नाही. रांगोळी, राख, पितळेची पावडर, काहीच नको. ते काळं म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग. प्रत्येक घासणीत चांदीचा एक पदर निघून जातो आणि सर्वांत आधी जातात ते शिक्के. मी स्वतः हा मार खाल्लाय. हातात नवाच आलेला १७७० च्या दशकातला चमचा जरा वाकला होता म्हणून एका कारागिराकडे सरळ करायला दिला. त्याने प्रेमाने बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरून आणला. शिक्के गरम लोण्यात उमटवल्यासारखे झाले होते. त्याला दोष तरी काय देणार, चकचकीत करू नका असं मी सांगितलंच नव्हतं. कोमट पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ सुती फडकं आणि लगेच कोरडं करणं, एवढ्यावर भागवा. ठेवताना रबरबँड आणि लोकरीचं कापड टाळा, दोन्हींत गंधक असतं. अंड्यातही असतं, म्हणूनच इंग्रज लोक अंड्याच्या चमच्यांच्या वाटीला सोन्याचा मुलामा देत. मिठाच्या भांड्यांनाही आतून देत, कारण दमट मीठ चांदी अक्षरशः खातं.

आता घड्याळ. इथे मला थोडं कडू बोलावं लागणार आहे.

ॲन्सोनिया ही अमेरिकेची मोठी कंपनी. कनेटिकट राज्यातल्या त्याच नावाच्या गावातली, पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गेली. १९२९ मध्ये तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली आणि खेळ संपला. हिंदुस्थानात या घड्याळांचा खप दांडगा होता. वाडे, कचेऱ्या, शाळा, सगळीकडे. त्यामुळे आपल्याकडे हे नाव घरोघरी माहीत, आणि म्हणूनच सर्वांत जास्त खोटेपणा याच नावावर चालतो. जुनं, कुठल्याही कंपनीचं यंत्र घ्यायचं, त्याला नवी कोरलेली पेटी करायची, छापील तबकडी चिकटवायची आणि वर ॲन्सोनिया लिहायचं. परदेशातले संग्राहक भारतातून आलेलं ॲन्सोनिया म्हटलं की आधी भुवई उंचावतात. उगाच नाही.

मी नवखा असताना मुंबईच्या चोर बाजारात असंच एक घेतलं. माथ्यावर गरुड, दोन्ही बाजूंना खांब, काचेवर सोनेरी वेल. एसटीने मांडीवर घेऊन पुण्याला आणलं. घरी आल्यावर मागची फळी सोडवायला बसलो तर स्क्रूच्या डोक्यावर फुली. फुलीचा स्क्रू बाजारात आला १९३० च्या दशकात, ॲन्सोनिया बंद पडल्यावर. पुढे बघितलं तर फळी प्लायवूडची होती आणि आतून चहाचं पाणी पुसून जुनी केलेली. आजही ते घड्याळ दुकानात टांगलेलं आहे. वेळ बरी दाखवतं. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला ते उघडायला लावतो.

म्हणून घड्याळ पुढून बघायचंच नाही. तबकडीवरचं नाव हा सर्वांत दुबळा पुरावा. तो कागद आहे, बदलता येतो. शिवाय पुष्कळदा ते नाव बनवणाऱ्याचं नसून विकणाऱ्याचं असतं. कोलकात्याचे कुक अँड केल्व्ही, मद्रासचे पी. ऑर अँड सन्स, मुंबईची वेस्ट एंड वॉच कंपनी अशी नावं तुम्हाला दिसतील. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात दर तासाला ज्या घड्याळापुढे गर्दी जमते, एक दाढीवाला बाहुला बाहेर येऊन घंटा वाजवतो, त्यावरही कुक अँड केल्व्हीचंच नाव आहे. तेव्हा नाव वाचा आणि बाजूला ठेवा.

दार उघडा, लंबक अलगद काढून ठेवा आणि टॉर्च आत मारा. यंत्राच्या पितळी पत्र्यावर शिक्का आहे का? ॲन्सोनियाच्या यंत्रावर कंपनीचं नाव असतं आणि बहुतेक वेळा चौकोनातला ए, भोवती वर्तुळ. मग तबकडीतली चावीची दोन भोकं बघा. चावीचे खुंट भोकांच्या बरोबर मधोमध यायला हवेत. एकीकडे सरकलेले असतील तर तबकडी आणि यंत्र जन्माचे सोबती नाहीत. पेटीच्या आत रिकामी, बुजवलेली भोकं दिसली तर तिथे पूर्वी दुसरं यंत्र बसलेलं होतं. शेवटी लाकडाचा रंग. शंभर वर्षं बंद राहिलेलं लाकूड आतून एकसारखं करपट होतं आणि जिथे तारेच्या घंटेचा ठोकळा होता तिथे त्याची फिकट सावली राहते. ती सावली नकली करणारा अजून मला भेटलेला नाही.

तुमच्या आजेसासऱ्यांचं घड्याळ खरं असण्याचा संभव बराच आहे. ते एकाच घरात, एकाच भिंतीवर राहिलंय, आणि ही जोडकामं मुख्यतः विक्रीसाठी होतात. पण हा अंदाज आहे. वरच्या चार गोष्टी बघून मला कळवा. यंत्र जर्मन निघालं तरी हिरमुसू नका. युंगहान्स किंवा गुस्ताव्ह बेकरची यंत्रं अमेरिकन यंत्रांपेक्षा कितीतरी सफाईने केलेली असतात. बेकरच्या पत्र्यावर नंबर असतो आणि त्यावरून साल जवळपास काढता येतं.

ते चालत नाही, चावी दिली की पाच मिनिटं चालतं आणि थांबतं, असं तुम्ही म्हणता. शंभरातल्या साठ-सत्तर घड्याळांचं दुखणं माझ्या टेबलावर एकच निघतं, आणि ते आहे खोबरेल. घरात कोणीतरी कधीतरी कोंबडीच्या पिसाने चाकांना खोबरेल लावलेलं असतं. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. साताऱ्याच्या डिसेंबरात पहाटे काय तापमान असतं ते तुम्हाला माहीत आहे. दरवर्षी थंडीत आजोबांचं घड्याळ रुसतं आणि होळीनंतर आपोआप सुरू होतं, अशी गोष्ट मी इतक्या घरांतून ऐकलीय की आता हसू येत नाही. गोठणं एक वेळ परवडलं, पण ते तेल पुढे चिकट होऊन धूळ धरतं, धुळीची खरड पिव्हटला, म्हणजे चाकाच्या आसाच्या टोकाला, कानशीसारखी घासते आणि पत्र्यातली गोल भोकं लांबट होतात. वरून नवीन तेल सोडून काही होत नाही. यंत्र पूर्ण सोडवून, धुऊन, गरज असेल तिथे झिजलेल्या भोकात नवीन बुश (पितळेची बारीक नळी) बसवून, घड्याळाचंच तेल टाचणीच्या टोकाने द्यावं लागतं. हे काम करणारे हात कमी झालेत. ज्याच्याकडे द्याल त्याला एकच विचारा, स्प्रिंग उतरवून घेतल्याशिवाय पत्रे उघडणार नाहीस ना? त्याने उत्तर द्यायला वेळ लावला तर घड्याळ परत आणा. पूर्ण चावीतली स्प्रिंग सुटली तर चाकाचे दात जातात, कधी बोटंही.

दुसरी शक्यता एवढी साधी आहे की आधी तीच तपासा. घड्याळाचा आवाज कान देऊन ऐका. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं आहे की ते लंगडतंय? लंगडत असेल तर ते तोलात नाही. घड्याळ किंचित डावीकडे-उजवीकडे कलवून बघा. एका जागी आवाज समान होईल. पुष्कळ घरांत घड्याळ वर्षानुवर्षं तिरकं टांगलेलं असतं आणि भिंतीवर पेन्सिलीची रेघ असते, कारण त्या रेघेला लावलं तरच ते चालतं. कोणा पूर्वजाने कारण शोधलं नाही, उपाय तेवढा शोधून ठेवला.

टोले चुकत असतील, म्हणजे चारला सात वाजत असतील, तर तो बिघाड नव्हे. अमेरिकन टोल्यांच्या घड्याळात बहुधा मोजणीचं चाक असतं. ते काट्यांकडे बघतच नाही, आपलं एक-दोन-तीन म्हणत पुढे जातं. यंत्राच्या डाव्या अंगाला खाली लोंबणारी एक तार असेल, ती हलकेच वर उचलून सोडली की पुढचे टोले पडतात. काट्यांशी जुळेपर्यंत हेच करायचं. मिनिटकाटा मात्र उलटा फिरवू नका, पुढेच न्या आणि प्रत्येक टोल्याला थांबा.

आणि वेळेची फार अपेक्षा धरू नका. लंबक हा पृथ्वीच्या ओढीवर चालतो आणि ती ओढ सगळीकडे सारखी नसते. १६७२ मध्ये जाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून लंबकाचं घड्याळ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला घेऊन गेला. तिथे ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंडनला चोख लावलेलं घड्याळ मुंबईत आणून टांगलं तर दिवसाला जवळजवळ दोन मिनिटं मागे पडेल. लंबकाखालची चकती एक-दोन फेरे वर घेतली की भागतं. पोलादी दांड्याच्या लंबकाला उन्हाळ्यात दहा अंश पारा चढला की आणखी पाचेक सेकंद जातात. आठवड्याला दोन-तीन मिनिटांचा फरक असेल तर मी ते घड्याळ बरं झालं म्हणून घरी पाठवतो.

मुलाच्या इच्छेवर मात्र बहुधा पाणी पडेल. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृतींचा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होऊ शकतो आणि खाजगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षेत कैदही आहे. चमचे तर दोनशे वर्षांच्या पुढचे, त्यांचा विचार सोडा. घड्याळ शंभरीच्या अलीकडचं आहे की पलीकडचं ते ठरवणं माझं किंवा तुमचं काम नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे वस्तू दाखवून ती पुरावशेष नाही असा दाखला मिळाला तरच न्यावी. सामानात कपड्यांत गुंडाळून नेऊ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. विमानतळावर ते तुमच्या शेजारी उभे नसतात.

उरला संग्रह. पैसे किती, जागा किती, घरचे किती सहन करतील, यावर सगळं आहे, त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा सल्ला नाही. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं वर्षभर काहीच विकत घेतलं नसतं. तुमच्याकडे अकरा चमचे आहेत, त्यातला एक टेबलावर ठेवून दहापट भिंगाखाली त्याचे शिक्के कागदावर काढा. जमेल तेव्हा पुण्याच्या केळकर संग्रहालयात जा आणि अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभे राहा. माणसाचा हात धातूला कुठे झिजवतो हे तिथे जितकं कळतं तितकं पुस्तकात कळत नाही. जुन्या बाजारात जा, पण रिकाम्या खिशाने. वस्तू उचला, पालथी करा, परत ठेवा. विक्रेते आधी वैतागतात, मग ओळखायला लागतात, आणि एक दिवस आपणहून गाठोड्यातलं काहीतरी वेगळं काढून दाखवतात.

त्यानंतर एकच धागा धरा. एका सालाचे चमचे, किंवा एकाच आकाराचे शंभर वर्षांतले चमचे, किंवा नुसत्या मुंबई-पुण्याच्या दुकानदारांची नावं असलेली घड्याळं. चमच्यांनी सुरुवात करावी असं मला वाटतं, ते खणात मावतात आणि त्यांना दर रविवारी चावी द्यावी लागत नाही. घड्याळं मोजकी ठेवा. माझ्याकडे एके काळी एकोणीस होती. बाराच्या ठोक्याला शेजारी भिंत वाजवायचे.

घड्याळ भिंतीवरून उतरवण्याआधी लंबक काढा, तसंच उचललं तर वरची पातळ पट्टी तुटते. पेन्सिलीची रेघ असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, कितपत कललेलं होतं ते मला लागेल.

आणि बारावा चमचा. असे संच डझनाचे असतात, अकरा कोणी घेत नाही. आपल्याकडे अशा घरांत हरवलेला एखादा चमचा मी दोनदा सापडलेला पाहिलाय. एकदा देवघरात, पंचामृताच्या भांड्यात. दुसऱ्यांदा लोणच्याच्या बरणीत, मिठाने वाटीला चाळणीसारखी भोकं पडलेली. घराच्या किल्ल्या देण्याआधी स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या एकदा उघडून बघा.